ग्रीस पुन्हा भरताना

लेखमाला : वस्तूंचे दुसरे आयुष्य (लेखांक ९)

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत फेअरफॅक्स नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळच्या डोंगरावरून एक कच्चा रस्ता खाली येतो. जेमतेम दोन मैलांत तो सुमारे १,३०० फूट उतरतो. सत्तरच्या दशकात या रस्त्यावरून जी तरुण मंडळी सायकलने भन्नाट वेगात खाली येत, त्यांच्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे दाबले की लागे. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब उघडायचा, पुसायचा, ग्रीस पुन्हा भरायचे आणि परत वर जायचे. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या रस्त्याचेच नाव रीपॅक पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली आणि माऊंटन बाईकच्या इतिहासात हे नाव कायमचे जाऊन बसले. एका खेळाच्या उगमस्थानाला दुरुस्तीच्या कामाचे नाव मिळाले आहे. तरुणपणीची माऊंटन बाईक माळ्यावरून खाली काढून पुन्हा उभी करू पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण तिचे काय करावे याचे उत्तर त्या नावातच आहे.

रीपॅकवर उतरणाऱ्या त्या सायकली नव्या नव्हत्या. श्विन कंपनीने १९३३ मध्ये अमेरिकेत सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे फुगीर टायर आणले. त्या टायरांच्या दणकट सायकली तेव्हा मुलांसाठी, पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी विकल्या जात. चाळीस वर्षांनी त्या भंगारात निघाल्या होत्या. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ आणि त्यांच्या मित्रांनी त्यातल्या श्विन एक्सेलसिअरसारख्या फ्रेम शोधून काढल्या. मडगार्ड आणि शोभेच्या वस्तू उतरवल्या आणि मिळेल तिथून भाग आणून बसवले. ड्रम ब्रेक टँडेम सायकलीचे, ब्रेकचे दांडे मोटरसायकलचे, गिअर रस्त्यावरच्या सायकलींचे. जाड टायरांच्या सायकलीला गिअर लावण्याचा प्रयोग क्युपर्टिनोच्या काही सायकलस्वारांनी त्याआधीच केला होता. १९७४ च्या डिसेंबरात ते मरीनमधल्या एका शर्यतीला आले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या सायकली न्याहाळून पाहिल्या. खास या कामासाठी घडवलेली फ्रेम त्यानंतर आली. जो ब्रीझने १९७७ मध्ये पहिली 'ब्रीझर' बनवली, केली आणि फिशरने १९७९ मध्ये टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची जपानमध्ये तयार झालेली 'स्टम्पजम्पर' दुकानांत आली. माऊंटन बाईक कारखान्यात जाण्याआधी जुन्या सायकलींच्या डागडुजीतून उभी राहिली, असा याचा अर्थ.

माझे म्हणणे यावरच उभे आहे. जुन्या माऊंटन बाईकचे पुनरुज्जीवन म्हणजे तिला पुन्हा चालती करणे. ती कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी दिसावी म्हणून तिला काळात गोठवणे हे त्या सायकलीच्या स्वभावाला धरून नाही. १९८५ ते १९९५ च्या दरम्यान ज्यांनी पहिली माऊंटन बाईक घेतली, ती पिढी आज पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहे आणि त्या काळातल्या सायकली चालत्या करायला विलक्षण सोयीच्या आहेत. चांगल्या फ्रेम बहुतेक क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांच्या असत. पोलाद ठराविक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा सोसते. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, प्रत्येक धक्क्याची कुठेतरी नोंद होत जाते. पोलादाची फ्रेम वाकली तर सरळ करता येते, जोड सुटला तर पुन्हा जोडता येतो, मागचा चिमटा थोडा फाकवून नव्या मापाचा हबही बसवता येतो. पायडलच्या दांड्यांचा एक्सल जिथे बसतो त्या नळीचे आटे बहुतेक सायकलींत एकाच ब्रिटिश मापाचे असत, आणि त्या मापाचे भाग आजही दुकानात मिळतात. उघडता येणारी, स्वच्छ करून पुन्हा बांधता येणारी यंत्रे असा त्या सायकलींचा मूळ घाट आहे.

चालती करायची म्हणजे नेमके काय करायचे, ते सीटपोस्टच्या उदाहरणावरून पाहू. सीटखालची नळी अॅल्युमिनियमची आणि ती ज्यात सरकते ती फ्रेमची नळी पोलादाची. पावसाचे, घामाचे पाणी मध्ये शिरले की दोन वेगळे धातू आणि ओलावा मिळून जणू एक छोटी बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम गंजू लागते. त्या गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नळी आतल्या आत आवळली जाते. पंधरा-वीस वर्षे न हललेली सीटपोस्ट दोन माणसांनी ओढूनही निघत नाही, ती यामुळे. अशा वेळी अनेकांना गॅसची शेगडी आठवते, पण तापवल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि आवळण वाढते. थंड करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पायडलच्या दांड्यांचा एक्सल काढून फ्रेम उलटी करावी, आतून झिरपणारे तेल सोडावे, दोन-चार दिवस ते मुरू द्यावे, मग वरच्या टोकाला बर्फ लावून नळी पिळत पिळत सोडवावी. एवढे करूनही हटली नाही तर पोस्ट कापून, आतून करवतीच्या पात्याने उभी चीर पाडून काढावी लागते. हे काम तासांचे आहे. पण त्यात पोस्ट गेली तरी फ्रेम वाचते, आणि काय वाचवायचे, काय सोडून द्यायचे याचा पहिला धडा इथेच मिळतो.

हाच हिशेब पुढे सगळ्या सायकलीला लावायचा. त्या काळच्या हबमध्ये बहुधा कप, कोन आणि सुटे छर्रे असतात. मागच्या हबला दोन्ही बाजूंना मिळून पाव इंची अठरा छर्रे. कोन सैल केला की वाळून मेणासारखे झालेले ग्रीस दिसते. रॉकेलने सगळे धुवायचे, कोनावर खड्डे पडलेत का हे नखाने चाचपायचे, नवे छर्रे, नवे ग्रीस भरायचे आणि एक्सल डगमगणार नाही पण अडणारही नाही इतपत कोन आवळायचा. रीपॅकच्या पायथ्याशी करत ते हेच काम. ब्रेकचे रबर, केबल, टायर, ट्यूब आणि चेन यांत जीव अडकवू नये. रबर आणि केबल वयानेच मरतात आणि चेन झिजली की दातेही खाते. टायर घेताना मापाकडे लक्ष द्यावे. 'सव्वीस इंची' नावाखाली एकाहून अधिक मापे चालतात. माऊंटन बाईकच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर सव्वीस गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश लिहिलेला टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा असतो. तो या रिमवर बसणार नाही.

या भूमिकेवर पहिला आक्षेप संग्राहकांचा येतो. त्यांच्या मते भाग बदलले, रंग दिला की सायकलीचे मूळपण जाते, मग उरते ती नुसती फ्रेम. काही सायकलींच्या बाबतीत हे पूर्ण खरे आहे. जो ब्रीझची पहिली ब्रीझर स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे आणि तिला कुणी नव्या चेनने फिरवू नये हेच योग्य. अशा मोजक्या सायकलींसाठी फेअरफॅक्समध्येही २०१५ पासून संग्रहालय आहे. पण तुमच्या-आमच्या घरातली सायकल हजारोंच्या संख्येने बनलेल्यांपैकी असते. तिचे मूळपण कारखान्याच्या यादीत शोधण्यापेक्षा तिच्या वापरात शोधावे. त्या काळच्या स्वारांनी स्वतःच हँडल बदलले, टायर बदलले, पुढे १९९० च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचे झटके झेलणारे चिमटे आले तेव्हा तेही लावून पाहिले. ती फेरफारांचीच परंपरा आहे. म्हणून माझा आग्रह इतकाच की फ्रेमवरचा जुना रंग आणि ओरखडे शक्यतो राहू द्यावेत, कारण ते पुन्हा मिळणार नाहीत. झिजणारे भाग मात्र निःशंक मनाने बदलावेत, कारण ते झिजण्यासाठीच असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या माऊंटन बाईकचे डिस्क ब्रेक पावसातही नेमके लागतात, चाके मोठी आहेत, पुढचा चिमटा अधिक तिरका असल्याने तीव्र उतारावर ती स्थिर राहते. मग जुन्या सायकलीवर जीव धोक्यात का घालावा? तो घालूच नये. दगडधोंड्यांच्या, उड्यांच्या वाटांवर नवी सायकल निर्विवाद सरस आहे. जुन्या सायकलीची रिम ब्रेकच्या घर्षणाने आतल्या बाजूला खोल झाली असेल तर ती बदललीच पाहिजे. जुने अॅल्युमिनियमचे हँडल आणि त्याची मान यांच्यावर विश्वास टाकू नये आणि झटके झेलणाऱ्या चिमट्यातले रबर कडक झाले असेल तर त्याच उंचीचा साधा पोलादी चिमटा लावावा. फ्रेमच्या जोडाशी रंगात केसासारखी रेघ दिसली तर आधी ती तडा आहे का हे तपासावे. एवढे केल्यावर कच्चे रस्ते, शेतवाटा, शहरातले खड्डे यांसाठी जाड टायरांची, कॅरिअर लावता येणारी, मजबूत सायकल हाती येते. बहुतेक माणसांचे बहुतेक सायकल चालवणे याच वाटांवर होते.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि भावनेचा एकत्र आहे. एवढ्या खर्चात नवी सायकल येईल, हा सगळा आठवणींचा खेळ आहे, असे घरचेच म्हणतात. खर्चाचे म्हणणे काही वेळा बरोबर असते. सव्वा इंची हेडसेटसारखी (हँडल ज्यावर फिरते तो भाग) मागे पडलेली मापे असतील, किंवा फ्रेमला तडा असेल, तर हिशेब जमत नाही आणि तसे मान्य करण्यात कमीपणा नाही. म्हणून आधी फ्रेम, सीटपोस्ट आणि रिम या तीन गोष्टी तपासाव्यात आणि मगच खिशात हात घालावा. भावनेबद्दल सांगायचे तर आठवण सायकलीला माळ्यावरून खाली आणते, तेवढे तिचे काम आहे. ती चालवण्याजोगी आहे की नाही हे पाना आणि मोजपट्टी ठरवतात. मरीनच्या मंडळींनी श्विन निवडली ती फ्रेम दणकट होती आणि टायर रुंद होते म्हणून, हे विसरू नये.

महाराष्ट्रात हा विषय परका वाटू नये. नव्वदच्या दशकात इथे जाड टायर आणि सरळ हँडलची सायकल म्हटली की हीरोची रेंजर डोळ्यांसमोर येई. तिची फ्रेम जपानी क्रोम-मॉलीइतकी हलकी नाही, पण तीही पोलादाची आहे आणि आजही अनेक जिन्यांखाली उभी आहे. कोन आवळणे, छर्रे बदलणे, रिमचा आऊट काढणे हे आपल्या कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातल्या मिस्त्रीचे रोजचे काम आहे. परदेशात गॅरेजमध्ये जुनी ट्रेक किंवा स्टम्पजम्पर असलेल्या मराठी वाचकालाही हेच काम करायचे आहे, फरक फक्त मापांचा. तेव्हा या रविवारी सायकल खाली काढा, चाक उचलून फिरवा आणि हबला कान लावा. खरखर ऐकू आली तर घाबरू नका. हब उघडा, पुसा आणि ग्रीस पुन्हा भरा.