टिपकागदावरचे पंधरा मिलिमीटर

एका वाचक ताईंनी विचारलं आहे : ‘आमचा शित्झू दहा महिन्यांचा आहे. रोज सकाळी त्याचे डोळे पिवळ्या चिपडांनी चिकटलेले असतात. अँटिबायोटिकचे थेंब घातले की आठवडाभर बरं वाटतं, थांबवले की पुन्हा तेच. तीन बाटल्या संपल्या. हा संसर्ग जात का नाही?’

ताई, कोड्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच दडलं आहे. फक्त जंतूंमुळे डोळे येणं कुत्र्यांत तसं कमी. जंतू बहुधा मागाहून येतात. ओट्यावर गूळ सांडलेला असेल तर मुंग्या मारून किती दिवस निभावणार? थेंबांनी मुंग्या जातात, गूळ तिथेच राहतो. तेव्हा गूळ कुठे सांडला आहे ते शोधू.

डोळा म्हणजे घरातली मोरी समजा. वर नळ, म्हणजे अश्रुग्रंथी. खाली जाळी, म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यातली दोन बारीक छिद्रं. तिथून एक नळी नाकात उतरते. रडताना आपलं नाक वाहतं ते यामुळेच. काही पिल्लांमध्ये हे छिद्र जन्मतःच बंद असतं. मग पाणी गालावर सांडतं, डोळ्याखालचे केस सदा ओले राहतात, पण पाणी बहुधा स्वच्छ असतं. वाट मोकळी आहे का हे पाहायला पशुवैद्य डोळ्यात फ्लुरोसीनचा रंग घालतात आणि काही मिनिटांत नाकपुडीत हिरवी छटा दिसते का ते बघतात. आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली प्रयोगशाळेत बनवलेला हा रंग आणखी एक काम करतो. पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा किंवा व्रण असेल तर तेवढीच जागा हिरवीगार उजळते.

दुसरी शक्यता अशी की नळ-मोरी ठीक आहे, पण डोळ्याला सतत काहीतरी टोचतं आहे. पापणीची कड आत वळलेली असते, किंवा एखादा केस भलत्याच जागी उगवून बुबुळावर घासत असतो. चपट्या चेहऱ्याच्या जातींत नाकावरच्या घडीचे केसही हा उद्योग करतात. फार लहान पिल्लाची पापणी आत वळली असेल तर ती काही टाके घालून तात्पुरती बाहेर ओढून ठेवतात. चेहरा वाढून पुरता आकाराला आला की मगच कायमच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

तिसरी शक्यता मला सगळ्यात विलक्षण वाटते. नळच आटलेला असतो! डोळ्यातून एवढं येतं आहे आणि डोळा कोरडा कसा? अश्रूंच्या थरात वर तेल असतं, मध्ये पाणी आणि आत बुबुळाला धरून राहणारा चिकट श्लेष्मा. पाणी आटलं तरी श्लेष्मा तयार होतच राहतो. रखरखीत झालेला डोळा उलट तो जास्तच बनवतो, आणि वाहून न्यायला पाणी नसल्यामुळे तो साचतो. उन्हाळ्यात ओढ्याची धार तुटली की डोहात शेवाळ माजतं, तसं हे. असा डोळा नुसता बघून ‘डोळे आले’ असं वाटणं अगदी साहजिक आहे.

म्हणून मोजायला हवं. मोजमापाचं साधन म्हणजे टिपकागदाची एक पट्टी, जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी १९०३ साली मांडलेली. पट्टीचं टोक खालच्या पापणीत अडकवायचं आणि ओल किती सरकते ते बघायचं. माणसांत पाच मिनिटं थांबतात, कुत्र्यात एकच मिनिट पुरतं. पंधरा मिलिमीटर किंवा अधिक ओल आली तर पाणी पुरेसं आहे. दहाच्या खाली राहिली आणि चिपडंही असतील तर कोरडेपणा जवळजवळ नक्की. शंभराहून अधिक वर्षं झाली तरी एवढ्या साध्या पट्टीची गरज संपलेली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नळ आटतो कशाने? बहुतेकदा शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच अश्रुग्रंथींवर उलटते. इथून एक सुंदर गोष्ट सुरू होते. १९६९ साली स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीचा एक कर्मचारी सुट्टीवर असताना नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून चिमूटभर माती घेऊन आला. त्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या या औषधाने अवयवरोपणाचं चित्रच पालटलं. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची मात्र फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या पशुनेत्रतज्ज्ञ रेनी कॅसवान यांनी हेच औषध कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांत थेंबांच्या रूपात घालून पाहिलं, आणि आटलेले झरे पुन्हा पाझरू लागले. १९८९ साली त्यांच्या चमूचा निबंध माणसांच्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात छापून आला. १९९५ मध्ये कुत्र्यांसाठीच्या मलमाला अमेरिकेत मान्यता मिळाली. माणसांसाठीचे थेंब आले ते त्यानंतर, २००२ च्या अखेरीस. आज कोरड्या डोळ्यांसाठी हे थेंब घालणाऱ्या कितीजणांना माहीत असेल की ही वाट आधी कुत्र्यांनी तुडवली? कॅसवान यांचं नाव पाठ्यपुस्तकात असायला हवं.

आपल्या डोळ्यात नसलेली एक गोष्ट कुत्र्याकडे असते : तिसरी पापणी. तिच्या ग्रंथीतून सुमारे एक तृतीयांश अश्रू येतात. कोवळ्या वयात ही ग्रंथी कधी जागा सोडते आणि कोपऱ्यात पिकल्या बोरासारखी लाल गाठ दिसते. पूर्वी ती सरळ कापून टाकत, आणि पुढे कित्येक कुत्र्यांचे डोळे कोरडे पडत. आता ती शिवून जागेवर बसवतात. कुणी ‘काढून टाकू’ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत जरूर घ्या.

डोळ्याखालचे तपकिरी डाग घालवणाऱ्या पावडरींपासूनही सावध राहा. हा रंग अश्रूंमधल्या पॉर्फिरिनचा असतो. अशा काही उत्पादनांत टायलोसिन हे अँटिबायोटिक घातलेलं असे आणि त्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली उत्पादकांना तंबी दिली होती. केसांच्या रंगासाठी महिनोन् महिने अँटिबायोटिक चारणं मला तरी अजिबात पटत नाही.

घरी काय करावं? उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं हलक्या हाताने पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. घरात उरलेले माणसांचे थेंब मात्र घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर व्रण असेल तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. पिल्लू डोळा मिटून धरत असेल किंवा बुबुळ निळसर, धुरकट दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाकही वाहत असेल, ताप असेल आणि लस राहिली असेल तर डिस्टेंपर या रोगाची शंका घ्यायलाच हवी.

आणि ताई, चौथी बाटली घेण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा : ‘याचे अश्रू मोजून बघता का?’ मिनिटभराचं काम आहे. कोरडेपणा निघाला तर मलम बहुधा जन्मभर घालावं लागेल, गुण दिसायलाही काही आठवडे लागतील. पण मग सकाळी मुंग्या मारत बसावं लागणार नाही.