रँग्लर म्हणजे भांडखोर?

रँग्लर परांजप्यांचं नाव ऐकलंय ना? १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाचे मानकरी ठरले. तिथे पहिल्या वर्गात येणारा तो ‘रँग्लर’. शब्दाचा मूळ अर्थ मात्र वाद घालणारा! कारण पूर्वी तिथे परीक्षा तोंडी असे, लॅटिनमध्ये वाद घालून. अठराव्या शतकात हळूहळू लेखी परीक्षा आली. सर्वांना प्रश्न सारखे. बोलायला बुजणाऱ्यालाही न्याय. परांजप्यांनी पेपरच लिहिले, नाव तेवढं जुनं राहिलं.

तरी तोंडी परीक्षा संपली नाही. पीएच.डी.चा प्रबंध लिहूनही समोर बसून उत्तरं द्यावी लागतातच. ‘असं का?’ विचारलं की नुसतं पाठांतर उघडं पडतं! तेव्हा आज लिहिलेलं एक उत्तर वही मिटून आईबाबांना समजावून सांगा बघू!