श्योककाठची फिरती सरहद्द

लेहपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, काराकोरमच्या उजाड कड्यांखाली, श्योक नदीच्या काठी वसलेले तुर्तुक हे जर्दाळूच्या बागांचे लहानसे गाव आज भारताच्या उत्तर सरहद्दीवरील अखेरच्या वस्त्यांपैकी एक म्हणून प्रवाशांना दाखविले जाते. परंतु पूर्वी ते कशाचेही शेवटचे टोक नसून, नुब्राकडून बाल्टिस्तानातील खपलू व स्कार्दूकडे जाणाऱ्या वाटेवरचे एक मधले गाव होते.

येथील लोक बाल्टी. त्यांची भाषा तिबेटी कुळातली, धर्म इस्लाम, आणि निष्ठा परंपरेने खपलूच्या यबगो घराण्याशी. १८४० मध्ये डोगरा सेनापती जोरावरसिंग याने बाल्टिस्तान जिंकले, १८४६ च्या अमृतसरच्या तहाने जम्मू-काश्मीरचे राज्य गुलाबसिंगाच्या हाती आले, आणि पुढे लडाखच्या वजारतीत लेह, कारगिल व स्कार्दू अशा तीन तहसिली बसविण्यात आल्या. अंमल बदलला, साऱ्याचे धनी बदलले. तथापि नदीच्या वरची आणि खालची अशी दोन्ही खोरी एकाच राज्यात राहिल्यामुळे गावाच्या बाजारास व सोयरिकीस कोणतीही आडकाठी आली नाही.

ती आडकाठी १९४७-४८ च्या युद्धाने आणली. स्कार्दू पाकिस्तानकडे गेले, १९४९ च्या कराची करारातील युद्धविराम रेषा तुर्तुकच्या वरच्या अंगाला पडली, आणि गावाचे नुब्राकडील दार बंद झाले. बावीस वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, नुब्राचेच सुपुत्र मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली लडाख स्काउट्सच्या तुकड्या या खोऱ्यात उतरल्या, आणि चालुंका, तुर्तुक, त्याक्षी व थांग ही गावे भारताच्या ताब्यात आली. १९७२ च्या सिमला करारान्वये पंजाब व सिंधच्या सरहद्दीवर जिंकलेला मुलूख भारताने परत केला. जम्मू-काश्मीरात मात्र १७ डिसेंबर १९७१ रोजी जो प्रदेश ज्याच्या ताब्यात होता तो त्याच्याकडेच ठेवून नियंत्रण रेषा ठरली, आणि तुर्तुक भारतातच राहिले.

आता बंद झाले ते दुसरे दार. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जे खाली गेलेले होते ते तिकडेच अडकले. पती एकीकडे आणि पत्नी दुसरीकडे, अशी कुटुंबे दुभंगली. थांगच्या पलीकडचे गाव नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण तेथील आप्तांची भेट घेऊ पाहणाऱ्यास उलट दिशेने लेह, मग दिल्ली, आणि व्हिसा मिळाल्यास पंजाबातून सरहद्द ओलांडून पुन्हा उत्तरेस, असा साऱ्या हिमालयाला वळसा २०२५ पर्यंत घालावा लागे. २०१० मध्ये गाव पर्यटकांस खुले झाले, तेव्हापासून लेहच्या वाटेने येणाऱ्या पाहुण्यांवर पुष्कळ घरांचा चरितार्थ चालू लागला.

राज्यकर्ते सरहद्दीचा हिशेब चौरस किलोमीटरांत मांडतात. गावाच्या लेखी तो दिशेचा प्रश्न असतो. म्हणून अशा गावाच्या इतिहासात तहांच्या तारखांबरोबरच, प्रत्येक नव्या रेषेनंतर लोक मीठ कोठून आणू लागले, लेकी कोणत्या खोऱ्यात देऊ लागले आणि फिर्याद घेऊन कोणत्या कचेरीची पायरी चढू लागले, याचीही नोंद व्हावयास हवी.