वहीबाहेरची करडं

फलटण तालुक्यात दुधाचा धंदा म्हटलं की नजरेपुढे येते ती काळीपांढरी होल्स्टिन गाय, नीरेच्या कालव्यावरचा ऊस आणि सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्राकडे निघालेल्या किटल्या. आमचा गोठाही तसलाच, फक्त कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी दिसतं पण मिळत नाही. परड्यात शेळ्या होत्या. त्यांना धंदा कोणी म्हणत नसे. गाईंचा हिशेब यांच्या वहीत, शेळ्यांचा सासूबाईंच्या तोंडी. 2012 नंतरची सगळी वर्षं मांडून बघितली, तर घर सावरलं ते बऱ्याचदा त्या तोंडी हिशेबानं, असं माझं ठाम मत झालं आहे.

2012-13 च्या दुष्काळात माण, खटाव आणि आमच्या वरच्या पट्ट्यात कडबा मिळेना. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची मोठी छावणी लागली होती, माणसं जनावरांसोबत तिथेच मुक्कामाला गेली. छावणीत सोय होती ती मोठ्या जनावरांची. शेळ्या घरीच राहिल्या आणि बाभळीच्या शेंगा, बोराटी, सुबाभळीचा पाला असलं जे मिळेल त्यावर जगल्या. त्या उन्हाळ्यात आम्ही गाई कमी केल्या आणि दोन पाटी जास्त ठेवल्या. तेव्हा तो नाइलाज होता.

करडांचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. शेळी साधारण पाच महिन्यांनी विते आणि आमच्या उस्मानाबादीला जुळं होणं नवलाचं नाही. ते बहुतेक रात्रीच येतं, निदान आमच्याकडे तरी. करडू जमिनीला लागलं की आधी नाकातोंडाचा चिकटा पुसायचा, मग शेळीला चाटू द्यायचं. नाळ पोटापासून दोन बोटं सोडून कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. चीक अर्ध्या-एक तासात पोटात गेलाच पाहिजे. सासूबाई म्हणायच्या, “वार पडली की मग पाजा.” जुन्या बायका सगळ्या असंच म्हणत. वार पडायला कधी कधी पहाट होते, आणि तोवर थंडीत अडीच किलोचं करडू गारठून जातं. या एका गोष्टीवरून आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालला. चीक लगेच पाजलेली करडं जगतात हे पाहून त्या गप्प झाल्या, मान्य मात्र कधी केलं नाही.

दूधधंद्याचा करडांना एक फायदा असतो. तिळं झालं किंवा शेळीला दगडी झाली, तर गाईचं दूध हाताशी असतं. ते कोमटच पाजायचं आणि बाटली उंच धरून करडाची मान फार वर करायची नाही, नाहीतर दूध श्वासनलिकेत जातं. ‘थोडं जास्त पाजलं तर लवकर वाढेल’ या मायेनं जितकी करडं हगवणीनं जातात, तितकी उपासानं जात नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी शेवरीची डहाळी वर टांगायची. आधी खेळ म्हणून ओढतात, मग खायला लागतात. रात्री डालग्याखाली झाकायची, डालग्याखालची जागा रोज कोरडी ठेवायची. ओल राहिली की रक्ती हगवण आलीच.

पहाटेचा क्रम मात्र कधी शेळ्यांना विचारून ठरला नाही. आधी गाईंचं शेण, धारा, किटली, फॅट लावून आलेली पावती. ते सगळं उरकेपर्यंत करडं ओरडून गोठा डोक्यावर घेतात.

याच तालुक्यात बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था उभी केली आणि पुढे तिथे बोअर जातीच्या शेळ्यांवर काम झालं. त्या रक्ताचा बोकड लावलेली करडं अंगानं भरतात, बाजारात गिऱ्हाईक हात फिरवून बघतं. आम्हीही लावला. पण माळावर फिरून पोट भरायचं असेल तर मला अजून आपली काळी उस्मानाबादीच बरी वाटते.

2018 च्या जुलैमध्ये दूध आंदोलन पेटलं. गाईच्या दुधाला वीस रुपयेही मिळत नव्हते आणि रस्त्यावर दूध ओतलं जात होतं. त्या वर्षी थोरलीची कॉलेजची फी बोकडांनी भरली. शेळी दर वेळी तारते असं मात्र नाही. 2020 च्या टाळेबंदीत दुधाचा दर पडला आणि आठवडी बाजारही बंद राहिले. बकरी ईदसाठी वर्षभर राखलेले बोकड पडत्या किमतीला दारातूनच गेले. 2022 मध्ये लम्पी आली तेव्हा गाईंच्या अंगावरच्या गाठी मोजत आम्ही झोपलो नाही. शेळ्यांना ती होत नाही, एवढाच दिलासा. शेळ्यांचा वैरी वेगळा, पीपीआर. नाक गळतं, तोंड येतं, हगवण लागते आणि आठवड्यात कळप निम्मा होतो. एकदा टोचलेली लस साधारण तीन वर्षं पुरते, तरी गावोगाव ती चुकते.

राज्यात 2012 च्या पशुगणनेत शेळ्या सुमारे 84 लाख होत्या, 2019 मध्ये त्या 1 कोटी 6 लाखांच्या घरात गेल्या. त्याच काळात गोवंश दहा टक्क्यांच्या आसपास घटला. म्हणजे आमच्या परड्यात झालं ते एकट्या आमच्याकडे झालं नाही. 2024 च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपयांचं अनुदान आलं, कानातल्या बिल्ल्याच्या नोंदीसकट. शेळ्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून निम्मं अनुदान आहे, पण सुरुवात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून. शंभर शेळ्या बांधायला जागा आणि उरलेली निम्मी रक्कम ज्याच्याकडे आहे, त्याला आमच्याइतकी गरज नसते. अनुदान देणाऱ्यांनी ते खुशाल द्यावं. आमच्यासारख्या पाच-दहा शेळ्यांच्या बायकांना फक्त पीपीआरची आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, दारात आणून टोचा.