राजाची भूमिका

इतिहासातील थोर पुरुषाची भूमिका करणे सोपे नव्हे. काल्पनिक पात्र नटाला आपल्या मनाप्रमाणे रंगविता येते. परंतु शिवाजी महाराजांची मूर्ती प्रेक्षकांच्या मनात आधीच ठसलेली असते. नटाची परीक्षा तिच्याशी ताडून होते.

बाबासाहेब पुरंदरे यांचे 'जाणता राजा' हे महानाट्य १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यात शेकडो कलावंत असत; हत्तीघोडेही असत. मोठ्या मैदानावर होणाऱ्या या नाटकाचे संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. यामुळे नटाचे काम हलके झाले, असे तुम्हांस वाटेल; पण ते अधिकच कठीण झाले. मुद्रित आवाज कोणासाठी थांबत नाही. नट क्षणभर चुकला, तर मिटल्या ओठांचा राजा बोलू लागतो! म्हणून त्याला शब्दांबरोबर विरामही पाठ करावे लागतात. दूरच्या प्रेक्षकांना चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव दिसत नाहीत. तेव्हा राजाचे तेज चालण्यातून आणि मान वळविण्यातून प्रकट करावे लागते.

मुळशी तालुक्यातील लवळे गावच्या एखाद्या मुलाला शाळेच्या नाटकात केवळ भालदाराचे काम मिळाले, तरी त्याने ते मन लावून करावे. भालदाराने जांभई दिली, तर सारा दरबार लटका ठरतो.