आयर्लंडचे ‘सार्वजनिक घर’

‘पब’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुत्ता उभा राहतो. वस्तुतः ‘पब्लिक हाउस’, म्हणजे सार्वजनिक घर, याचा तो संक्षेप होय. आयर्लंडच्या खेड्यांत हा अर्थ खरा ठरला. तेथील कित्येक पबांत पूर्वी किराणा दुकानही असे. चहा, साखर आणि काळी बिअर एकाच छपराखाली मिळे. आजही मटण, बटाटे व कांदा घालून मंद आंचेवर शिजविलेला स्ट्यू खावा, गप्पा माराव्यात, फिडल ऐकावे, यासाठी लोक तेथे जमतात.

चौघे बसले, तर प्रत्येकाने आळीपाळीने चौघांसाठी पेले मागवावयाचे, ही तेथील रीत. तिला ‘राउंड’ म्हणतात. ती माणसे जोडते. पण एकच पेला हवा असणाऱ्यासही चार प्यावयास लावते. व्यसनाने संसार उद्ध्वस्त होताना पाहून फादर मॅथ्यू यांनी १८३८ मध्ये कॉर्क येथे मद्यत्यागाची चळवळ हाती घेतली, ती उगीच नव्हे.

आज खेड्यांतले अनेक पब बंद पडत आहेत. पण पब बंद झाला म्हणून दारू थांबतेच असे नाही. ती घरी जाते. थांबते ती बैठक. पेला सुटावा आणि बैठक टिकावी, हा खरा प्रश्न आहे.