स्फोट संपतो, विष उरते

थंडीच्या दिवसांत दारेखिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवू नये, असे घरातील वडीलधारी माणसे नेहमी बजावतात. याचे कारण तुम्हांला ठाऊक आहे का? अशा बंद खोलीत झोपलेली माणसे कधी कधी सकाळी उठतच नाहीत. धूर दिसत नाही, वास येत नाही, घुसमटही जाणवत नाही. हे कृत्य कार्बन मोनॉक्साइड या वायूचे.

आता कल्पना करा, ही खोली म्हणजे जमिनीखाली खोलवर असलेली कोळशाची खाण आहे. तिच्या वाटा काही किलोमीटर लांब आहेत आणि शेगडीच्या जागी स्फोट झाला आहे. आत माणसे अडकली आहेत. मग तेथे भरलेला हा वायू बाहेर काढायचा कसा?

वायू येतो कोठून?

दगडी कोळशाच्या थरांत मिथेन वायू कोंडलेला असतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा 5 ते 15 झाले की एक ठिणगीसुद्धा पुरते. स्फोटाच्या धक्क्याने खाणीत साचलेली कोळशाची भुकटी उधळते आणि तीही पेट घेते. भुकटी पुष्कळ, पण बोगद्यातील ऑक्सिजन मात्र मोजका! कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले तर कार्बन डायऑक्साइड होतो. एकच मिळाला तर होतो कार्बन मोनॉक्साइड. आजच्या झारखंडमधील ढोरी येथील खाणीत 28 मे 1965 रोजी भुकटीचा असाच स्फोट होऊन 268 कामगार मृत्युमुखी पडले.

हाल्डेन यांचा शोध

खाणीतील स्फोटात माणसे धक्क्याने व आगीने मरतात, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. 1896 सालच्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन 57 जण दगावले. तेथे जॉन स्कॉट हाल्डेन हे शास्त्रज्ञ गेले. (पुढे 1957 साली भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच चिरंजीव.) त्यांनी मृतांची व त्यांच्या रक्ताची तपासणी केली. रक्ताचा रंग चेरीच्या फळासारखा गुलाबी-लाल होता. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर स्फोटानंतरच्या वायूने घेतला होता! म्हणजे स्फोटातून वाचलेली ही माणसे वेळीच चांगली हवा मिळती तर जगू शकली असती.

हा वायू इतका घातक का? आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोहोचवते. पण कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनला असलेली ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे. आता एक सोपे गणित करा. हवेत ऑक्सिजन असतो शेकडा 21. त्याच हवेत कार्बन मोनॉक्साइड शेकडा अवघा 0.1 असला, तर तो ऑक्सिजनच्या 210 वा हिस्सा झाला. पण त्याची ओढ दोनशेपटीने जास्त! म्हणून अशा हवेत काही तास राहिल्यास जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन हा वायू बळकावतो. मग भोवती ऑक्सिजन असूनही शरीर उपाशी राहते.

एवढ्याशा वायूने खाणकामगाराच्या दिव्याची ज्योतही हलत नाही. म्हणून हाल्डेन यांनी उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत नेण्याचे सुचविले. या चिमुकल्या जीवांचा श्वास जलद चालतो, त्यामुळे विषाची लक्षणे त्यांच्यात माणसाच्या कितीतरी आधी दिसतात. ब्रिटनच्या खाणींत 1986 साली कॅनरींना निवृत्ती मिळून विजेवर चालणारी उपकरणे आली.

धुऊन का काढत नाहीत?

कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या निवळीत शोषला जातो, हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. मग मोनॉक्साइडही तसाच का धरू नये? कारण तो पाण्यात फारसा विरघळत नाही, चुना त्याला धरत नाही आणि साध्या मुखवट्यातील कोळसाही त्याला अडवू शकत नाही. तेव्हा खाणभर पसरलेल्या वायूवर उपाय एकच: वारा!

खाणीत स्वच्छ हवा एका वाटेने आत जाते आणि दुसऱ्या वाटेने मोठ्या पंख्याच्या जोरावर बाहेर पडते. या दोन वाटा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये भिंती बांधलेल्या असतात. स्फोटाने त्या कोसळतात. मग आत जाणारी हवा जवळच्या भगदाडातून परस्पर बाहेर पडते आणि खाणीच्या टोकाला विषारी वायू तसाच साचून राहतो. म्हणून बचाव पथक पाठीवर ऑक्सिजनची श्वसनयंत्रे बांधून पुढे जाते, पडलेल्या भिंतींच्या जागी कापडी पडदे व फळ्या लावते आणि स्वच्छ हवा टप्प्याटप्प्याने पुढे ढकलत नेते.

तुम्ही म्हणाल, मग सगळे पंखे एकदम जोरात का सुरू करत नाहीत? येथेच खरी अडचण आहे. आत कोठे आग धुमसत असेल तर हीच ताजी हवा तिला ऑक्सिजन पुरवील किंवा साठलेला मिथेन आगीवर नेऊन सोडील आणि दुसरा स्फोट होईल. म्हणून आधी आतल्या हवेचे नमुने पुन्हा पुन्हा तपासतात. कार्बन मोनॉक्साइड कमी होत गेला तर ठीक. वाढत गेला तर आग जिवंत आहे असे समजावे.

2 जानेवारी 2006 रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या सेगो खाणीत स्फोट होऊन 13 कामगार अडकले. वायूच्या भीतीमुळे पहिले पथक आत शिरायला सुमारे अकरा तास लागले. वरून भोक पाडून तपासलेल्या हवेत दहा लाख भागांत 1300 भाग कार्बन मोनॉक्साइड आढळला. पथक पोहोचेपर्यंत 12 जण मरण पावले होते, एकच वाचला. लवकर जावे तर बचाव करणारेच मरतात, थांबावे तर अडकलेले मरतात, असा हा पेच आहे.

कमरेचा डबा

म्हणून पथकाची वाट पाहत न बसता कामगाराला स्वतःच बाहेर पडता यावे, असे साधन हवे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत हॉपकॅलाइट तयार झाले. हे मँगनीज डायऑक्साइड व कॉपर ऑक्साइड यांचे मिश्रण असून ते उत्प्रेरकाचे काम करते. त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा साध्या तापमानालाच ऑक्सिजनशी संयोग होतो:

2CO + O₂ → 2CO₂

म्हणजे हे ज्वालेविना जळणेच! दमट हवेने हॉपकॅलाइट निकामी होते. म्हणून त्याच्या आधी ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा थर देतात. या क्रियेत उष्णता निघत असल्याने श्वासाची हवा गरम लागते. घाबरून नळी तोंडातून काढली तर घात होतो. गरम हवा हे डबा काम करत असल्याचेच लक्षण आहे, हे कामगारांना मुद्दाम शिकवावे लागते.

पण हवेतच ऑक्सिजन नसेल तर हा डबा व्यर्थ. त्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या डब्यात पोटॅशियम सुपरऑक्साइड असते. आपल्याच उच्छ्वासातील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी त्याची क्रिया होऊन ऑक्सिजन मिळतो.

चंद्रपूर, वणी, उमरेड या आपल्या भागांतही कोळशाच्या खाणी आहेत. जमिनीखालच्या खाणीत काम करणारा कोणी भेटला तर त्याला या डब्याविषयी जरूर विचारा. आणि बंद खोलीत शेगडीजवळ कोणी बेशुद्ध पडलेले दिसले तर खाणीतील बचाव पथकाचा धडा विसरू नका: आधी दारेखिडक्या उघडा, मोठ्यांना हाक मारा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणवा आणि तातडीने दवाखान्यात पोहोचवायला सांगा. साध्या हवेत रक्तातील निम्मे विष उतरायला चार-पाच तास लागतात; शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तासात ते उतरते.